भिंतीमागचं पाणी

"पडू द्या! पडली तं माह्याच घरावर पडंल न, तुमाले काय?"

पंचफुला अंगणात कमरेवर हात ठेवून उभी होती. समोर तिचा दीर देवाजी, हातात छन्नी-हातोडा. भिंत त्यानंच बांधली होती गेल्या साली. सिमेंटच्या पोकळ विटा, आतून उभ्या सळया, वरून ओतलेलं काँक्रीट. वरच्या गल्लीची माती खालच्या गल्लीवर येऊ नये म्हणून. मागचं पाणी निघून जावं म्हणून पायथ्याशी भोकं ठेवले होते. पंचफुलानं त्यात चिंध्या कोंबल्या अन् वरून सिमेंट थापलं. आता भिंतीचं पोट पुढं आलं होतं, मधात चीर गेली होती.

"काऊन बुजवले वयनी? पाणी मागं तुंबलं की ओली माती ढकलते. मंग सळईचं बी काही चालत नाही."

"पाऊस कवाच गेला, भाऊजी. मंग हे पाणी कोणाचं? वरच्यायच्या न्हाणीचं! साबणाचा फेस येते माह्या चुलीपाशी. भाकरी काय त्यायच्या आंगाच्या मळात थापू?"

वरून चंपतराव डोकावले. तोंडात दातून. त्यायची न्हाणी अन् गोठा भिंतीच्या काठावरच होते.

"काय रे देवाज्या, उघडतं का नाही भोकं? म्हैस येईन न माही खाली."

"पाटील, नाली रस्त्याकडून काढतो म्हणले होते तुमी."

"म्हणलो होतो. कापूस वेचून तं होऊ दे." चंपतरावानं दातून थुंकलं. "उतारच तुमच्याकडं हाय, त्याले मी काय करू?"

देवाजीचं टाळकं सणकलं. हातोडा फेकून हाणावा वाटलं वर. पण चीर डोळ्यापुढंच होती, अन् भिंतीले लागूनच घरात पोरं निजली होती.

तो खाली बसला. सिमेंट फोडलं, चिंधी ओढली. पाणी भसकन आलं. काळं, फेसाळ, वास मारणारं. मंग दुसरं भोक. मंग तिसरं. अंगणातली चूल विझली. राख तरंगत उंबऱ्यापर्यंत गेली.

पंचफुला आता भांडत नव्हती. पिठाची परात उचलून तिनं घरात ठेवली, मंग तवा, मंग वल्लं झालेलं जळतन. जसं काई रोजचंच काम हाय.

"वाचली न भिंत," वरून चंपतराव म्हणाले, अन् म्हैस सोडाले गेले.

देवाजी घोट्यापर्यंत त्या पाण्यात उभा. पंचफुला घरातून लोटा भरून घेऊन आली. बोरिंगवरून डोक्यावर आणलेलं, प्याचं पाणी.

"पाय धुऊन घ्या, भाऊजी."

देवाजीनं लोट्याकडं पाह्यलं, हात काई पुढं केला नाही.

"राहू द्या वयनी. मले जा लागते आता."