धडधड

एरंडोलच्या पोस्टात काम करणाऱ्या हर्षला बडगुजरला जूनपासून झोप लागेना. छाती धडधडायची, शिक्का मारताना हात थरथरायचा, आणि चार पोळ्या खाऊनही वजन सहा किलोंनी उतरलं होतं.

"तू प्रेमात पडलीस," मैत्रिणीनं निदान केलं.

जूनमध्ये पोस्टात नवीन असे एकटे गिरीश वाणीच आले होते. म्हणजे तेच असणार. हर्षला सरळ स्वभावाची. ऑगस्टमध्ये एकदा जेवणाच्या सुट्टीत तिनं त्यांना तसं सांगून टाकलं.

वाणींनी डबा बाजूला ठेवला. "हात पुढे करा बघू. बोटं ताठ."

बोटं थरथरत होती.

"माझ्या बहिणीचं असंच झालं होतं. थायरॉइड निघाला. आजच डॉक्टरांना दाखवा."

रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. आणखी उशीर झाला असता तर हृदयावर परिणाम झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांत वजन परत आलं, झोप आली, नाडी बहात्तरवर येऊन थांबली.

मग हर्षलानं पुन्हा वाणींना गाठलं. "मागचं बोलणं मी परत घेते. तुम्हाला बघून आता मला काहीच होत नाही."

"छान झालं," वाणी म्हणाले. मग जरा वेळ डब्याचं झाकण लावत बसले. "मला मात्र होतं. तुम्ही बऱ्या होईपर्यंत बोललो नाही."

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून. गेल्या आठवड्यात मीही रक्त तपासून घेतलं. थायरॉइड अगदी व्यवस्थित आहे."