लावणीच्या दिवसांतला धबधबा

धबधब्याच्या वाटेवर, शेवटच्या वळणावर इसाओचा फोन वाजला. "वातारु आहे," तो म्हणाला आणि तेवढ्यात रेंज गेली. तो आल्या रस्त्याने माघारी निघाला.

"अहो, आता कुठे?" सुमिएने विचारलं.

"खाली बसथांब्यापाशी रेंज येते. तू इथेच थांब. आलोच."

सकाळपासून हेच चाललं होतं. यंदा खाचरं शेजारच्या वातारुला कसायला दिली होती, पण नवऱ्याचा जीव अजून बांधावरच. लग्न होऊन या खोऱ्यात आली तेव्हापासून सुमिएला हा धबधबा मे महिन्यात बघायचा होता. वरचं बर्फ वितळून चारही टप्पे भरभरून कोसळतात ते तेव्हाच. पण भाताची लावणीही तेव्हाच. "लावणी उरकली की जाऊ," इसाओ दर वर्षी म्हणायचा. ती उरकेपर्यंत धबधब्याची नुसती धार उरलेली असायची.

वळणावरून फक्त वरचा टप्पा दिसत होता. बाकीचे पुलावरून दिसतात, आणि पूल हाकेच्या अंतरावर होता.

तिकडून परतणारी एक बाई म्हणाली, "आजी, लवकर जा. ढग उतरतोय."

"आमचे हे येताहेत," सुमिए म्हणाली आणि थांबली.

तिच्या डोळ्यांदेखत ढग कड्यावरून खाली सरकला. वरचा टप्पा दिसेनासा झाला.

इसाओ धापा टाकत आला. "पाटाचं गार पाणी थेट रोपांवर सोडलंय गाढवाने. पिवळी पडतील सगळी."

दोघं पुलावर गेली. कानठळ्या बसवणारा आवाज होता, अंगावर तुषार होते. दिसत होता तेवढा तळचा टप्पा. त्यावर सगळा ढग.

"पुढच्या वर्षी येऊ," इसाओ म्हणाला.

"तुमच्यासाठी थांबले नसते तर चारही दिसले असते." सुमिए म्हणाली. "तुमचा नाही, माझाच राग येतोय मला. कशाला थांबले?"

तो पुलाखाली काठावर उतरला, ओणवा झाला आणि पाण्यात हात घातला. लगेच बाहेर काढला.

"अगं, हाडात शिरतंय हे."

"खाचरातही असंच असतं," सुमिए वरून म्हणाली. "तुम्ही लावणीच्या यंत्रावर बसायचात. यंत्र पोचत नाही ते कोपरे मी हाताने लावायचे."