अंगुस्तान्याची टकटक

शिंपीणमावशीला एका मेलेल्या परक्या माणसाचा उजवा हात बसवून आठ महिने झाले, पण त्यात जाणीव आली नव्हती. आजच्या तपासणीत काही दिसलं नाही, तर डॉक्टर तो काढणार होते. तरी मावशीने हट्टाने आजही त्याच्या मधल्या बोटात शिवणकामाची पितळी टोपी, तिचा अंगुस्ताना, चढवला होता.

पडद्यावरची रेघ सपाटच राहिली. "मज्जातंतू पोचलेच नाहीत, मावशी," डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात अंगुस्ताना टेबलावर वाजला. टक, टक, टक. रेघ मात्र हलली नाही.

"तुम्ही हलवताय?" डॉक्टरांचा आवाज बारीक झाला.

"मी नाही बाई! पण ताल धरणारा हात मेला म्हणता? काढून तर बघा!"

पुन्हा तीनदा टकटक झाली. या वेळी बंद दाराबाहेरून तीन टकटक परत आल्या. डॉक्टरांनी दार उघडलं. बाहेर लख्ख ऊन आणि रिकामा व्हरांडा.

मावशीने डाव्या हाताने तो हात गच्च धरला. त्याची बोटंही तिच्या बोटांभोवती तितकीच गच्च मिटली.

मग टकटक टेबलाखालून आली.

मावशीने जमिनीवर दाणकन पाय आपटला. "नाही देत, जा!"