वडिलांचं उपरणं
शिमग्याची पालखी कुडपण गावच्या सहाणेवर, पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, आली आणि काकांनी यशराजपुढे त्याच्या वडिलांचं उपरणं धरलं. पालखीला त्यांच्या घराचा खांदा कधी चुकला नव्हता. मागच्या शिमग्यात ती नाचवतानाच यशराजच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. नुकतंच ऑपरेशन करून नवं बसवलं होतं, पण ते हाडात रुजेपर्यंत गिरकी घ्यायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "देवाच्या कामाला घाबरतोस काय रे?" काकांनी चारचौघांत डिवचलं. "लावलेल्या रोपानं मूळ धरलं का बघायला ते उपटतो काय आपण, काका? मी नाय नाचणार." "मग आपला खांदा रिकामा?" यशराजनं काकांच्या हातातून उपरणं घेतलं, त्याची घडी घातली आणि बहिणीच्या, अंकिताच्या खांद्यावर ठेवली. बाईनं पालखी उचलायची रीत नव्हती. ढोल थांबला. अंकितानं ओढणी कमरेला खोचली. यशराज कुबडीवर ताठ झाला आणि ढोलवाल्याला म्हणाला, "थांबलास का रे? वाजव. खांदा हाय."