माशांचा माग

अहल्या वीस वर्षं नर्मदेच्या मुखाशी जाळ्यातले पाला मासे मोजत आली होती. मासेमारीबंदीचा महिना तिच्याच आकड्यांवरून ठरे. यंदा मत्स्यखात्यात नव्यानं आलेल्या चारुलतानं माशांच्या पोटात शेंगदाण्याएवढी यंत्रं बसवून त्यांचा माग काढला. मासे अंडी घालायला महिनाभर आधीच नदीत शिरत होते. बडोद्याच्या बैठकीत खात्याच्या साहेबांच्या तोंडून चारुलताचं कौतुक ऐकून अहल्येचा नुसता जळफळाट झाला. मच्छीमारांचे पुढारी ठाकोरभाई उठले. “अहल्याबेन, यंत्रबिंत्र आम्हाला कळत नाही. तमे कहो, खरं काय?” ‘यंत्र चुकलं’ एवढं म्हटलं असतं, तरी सभा तिचीच होती. पण चूक काढायच्या हट्टानं तिनं सगळ्या नोंदी तीनदा तपासल्या होत्या. एकही चूक सापडली नव्हती. “चारुलता म्हणते तेच खरं,” ती कशीबशी म्हणाली. ठाकोरभाईंनी मान डोलावली, खुर्ची चारुलताकडे वळवून ते बसले. “चारुबेन, मग जाळी कधी बंद ठेवायची?”