फूटभर जोड

“ताई, हे जोड कुणी मारले?”

रामकिसन गच्चीवर उकिडवा बसून तार चाचपत होता. दोन्ही टोकांना काळी चिकटपट्टी होती आणि तिच्याखाली डाग दिलेला.

“काकासाहेबांनी,” कहकशा म्हणाली. “पत्र्याची टाकी जवळ आहे, तार फूटभर लांब लागेल म्हणाले.”

रामकिसन दुधाचा टेम्पो चालवायचा. सीबी रेडिओवर, म्हणजे घरगुती वायरलेस सेटवर बोलणाऱ्यांच्या गटात दोघं एकत्र होते. कहकशानं आठवड्यापूर्वी गट सोडला होता, म्हणून तिचा अँटेना तो न्यायला आला होता. त्यानं मापाचा टेप लावला. मधल्या केबलपासून या बाजूला साडेनऊ फूट. त्या बाजूलाही तेवढंच.

“माझ्या घराला तर समदे पत्रेच हायेत,” तो हळूच म्हणाला. “मला त्यांनी साडेआठवर दोन बोटं सांगितली. म्हणले, याच्या वर गेलास तर आवाज घरातच राहील.”

पुस्तकातही तिनं साडेआठच वाचलं होतं. पण पुस्तकापेक्षा तिचा काकांवर भरवसा होता.

काकासाहेब तिच्या अब्बांचे मित्र. दोघांनी वीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं. अब्बांच्या जनाज्याला त्यांनी खांदा दिला होता. गेल्या पावसाळ्यात गोदावरीला पूर आला, तेव्हा काठावरच्या नानीच्या गावाचे फोन तीन दिवस बंद होते. अम्मी तीन दिवस जेवली नाही. सीबीला नेटवर्क लागत नाही, परवाना लागत नाही. म्हणून कहकशा सेट घेऊन काकासाहेबांकडं गेली. गटाचं शहरातलं मुख्य केंद्र बारा वर्षं त्यांच्याच घरी होतं.

“उभा दांडा घेऊ नको. महाग पडतो आणि वाऱ्यानं मोडतो,” ते म्हणाले होते. “डायपोल लाव. दोन सारख्या तारा, मधी केबल. तुला दक्षिणेकडं बोलायचंय ना? मग तार पूर्व-पश्चिम ताण.”

सत्तरीतला माणूस चार जिने चढून तिच्या गच्चीवर आला. त्यांनी स्वतः तार कापली, बांबूला बांधली. पहिल्या दिवशी कहकशानं अर्धा तास हाका मारल्या. मग ती चहा आणायला खाली गेली. वर आली तेव्हा काकासाहेबांनी कानावरचा हेडफोन काढून ठेवला होता.

“कुणीच नाय,” ते म्हणाले. “टाकी नडतीये. तार वाढवावी लागंल.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी जोड मारले. त्यानंतर रविवारी गटाची चाचणी झाली. पावसाळ्यासाठी मुख्य केंद्र कुणाकडं ठेवायचं, हे तीत ठरणार होतं; काकासाहेबांच्या जोडीनं कहकशाचंही नाव पुढं होतं. कहकशाच्या हाकेला फक्त तिघांनी उत्तर दिलं, आणि ते तिघंही शहरातलेच होते. केंद्र काकासाहेबांकडंच राहिलं. “वाईट वाटून घेऊ नको,” म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता.

रामकिसनला तसंच रिकाम्या हातानं पाठवून कहकशा त्यांच्या घरी गेली. काकासाहेब ओसरीवर बसले होते. तिनं टेपचा आकडा सांगितला. त्यांनी मान खाली घातली.

“चुकलं बाई,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. “डोकं चालत नाय आता. एकाचं माप दुसऱ्याला सांगतो. तुझा अब्बा, नवाब असता तर त्यानं लगीच धरलं असतं. गटात कुणाला बोलू नको. म्हातारा खुळा झाला म्हणतील.”

कहकशालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. अब्बांच्या वयाच्या माणसावर आपण संशय घेतला. तिनं त्यांचे हात हातात घेतले, पाणी आणून दिलं. वाटेत रामकिसनला फोन करून सांगितलं, “वयाची चूक आहे. कुठं बोलू नका.”

घरी येऊन तिनं पक्कड घेतली आणि दोन्ही जोड कापून टाकले. टोकं नीट मापून घेतली, तार पुन्हा ताणली. ऊन उतरत होतं. तिनं बटण दाबलं.

“चिकलठाण्याहून कहकशा बोलतेय. कुणी ऐकतंय का?”

बटण सोडलं न सोडलं तोच उत्तर आलं. आवाज एका बाईचा होता, स्वच्छ, जणू खालच्या मजल्यावरून यावा तसा.

“ऐकतीये की! पाचोडहून आवडाबाई बोलतीये. पोरगं ट्रकवर असतं, त्याच्यासाठी ठिवलाय सेट. तूच ना गं ती? त्या दिवसाची?”

“कोणत्या दिवसाची?”

“पंधरा-वीस दिस झाले असतील. असाच लख्ख आवाज आला व्हता तुझा. बाईमाणसाचा आवाज ऐकून मला लई बरं वाटलं. हातचं काम आटपून मी हाका मारल्या. तर तुझ्याकडून एक माणूस बोलला. म्हणला, ती पोरगी हौशी हाय, पुन्हा बोलायची नाय, तुमी हाक मारू नका.”

कहकशाचा हात बटणावर गेला. ते दाबलं गेलं नाही.

“हाय का गं?” आवडाबाईनं विचारलं. “कोण व्हता त्यो?”

तिनं बटण दाबलं.

“माझे काका होते,” कहकशा म्हणाली.