नवं पुस्तक येईपर्यंतचा राजा

ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही; पटलीच, तर ऐकण्यात तुमची काहीतरी चूक झाली म्हणायची.

एकोणपन्नास साली मंठ्याजवळच्या एका शाळेतून निजामाच्या काळातली इतिहासाची पुस्तकं माघारी गेली आणि नवी काही आली नाहीत. तास तर भरायलाच हवा. गिरिधर गुरुजींनी सरळ एक राजा रचला आणि त्याला एका खोलीत कोंडलं. ते एकेक वाक्य सांगत, पोरं सुरात तेच म्हणत.

“राजानं दार ओढलं. दार उघडेना.”

तास संपला, पोरं बाहेर पळाली. गुरुजी फळा पुसून निघाले, तर दार उघडेना. त्या दाराला ना कडी होती, ना कोयंडा. त्यांनी हाका मारल्या.

बाहेर पोरांचा सूर लागला, “राजानं हाका मारल्या.”

एवढं तर गुरुजींनी शिकवलंच नव्हतं. ते दोन्ही हातांनी दार बडवू लागले.

“राजानं दोन्ही हातांनी दार बडवलं.”

“अरे, जल्दी उघडा! असा राजा झालाच न्हाई! म्याच रचून सांगितला!”

मग दाराच्या फटीशी पहिल्या रांगेतली धापू बोलली, सुरजमल शेठची धाकटी.

“खोटं बोलून राह्यले, गुरुजी. राजा झालाच न्हाई, तर मंग आत कोण हाये?”